ठिगळाची थोरवी

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे आपल्या घरांतील कपाटांच्या परीक्षेचे दिवस. एरवी वर्षभर ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही ते वरचे कप्पे, पलंगाखालच्या पेट्या आणि माळ्यावरची गाठोडी या दिवसांत एकदम उजेडात येतात. जळमटे निघतात, डबे घासून लख्ख होतात आणि घराच्या मधोमध जुन्या कपड्यांचा एक ढीग उभा राहतो. मग त्या ढिगाभोवती घरातली संसद भरते. आजी एक पातळ हातात घेऊन म्हणते, "हे अजून चांगलं आहे गं, नुसतं दशांकडे विरलंय." सूनबाई म्हणतात, "आई, ते गेल्या दिवाळीलाही नुसतंच विरलं होतं." मुले ढिगावर उड्या मारून घेतात. आणि गृहस्वामी वर्तमानपत्रातून मान वर न काढता शेवटचा निकाल देतात : "देऊन टाका कुणाला तरी!"

हा 'कुणाला तरी' कोण, याचा विचार करण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. आपल्या सदराने यंदाच्या दिवाळीला तेवढे कष्ट घ्यावेत, असे आम्ही ठरविले आहे.

पूर्वी या 'कुणाला तरी'चे नाव बोहारीण असे होते. डोक्यावर टोपले, टोपल्यात चकचकीत भांडी, आणि दुपारच्या निजानिजेच्या वेळी नेमकी येणारी तिची ती लांबलचक हाक! तीन पातळे, दोन सदरे आणि एक पाटलोण यांच्या बदल्यात एक डबा, की डब्याबरोबर एक वाटीही, यावर दारात जो खल चाले तो मोठमोठ्या वकिलांनी कान देऊन ऐकावा असा असे. बोहारणीइतकी कापडाची पारख क्वचितच कुणाला असेल. ती कापड उजेडापुढे धरी, काठ ओढून पाही, बगलेखालची शिवण तपाशी, आणि आपण चोवीस तास जे अंगावर वागविले त्याचे खरे मोल दोन क्षणांत सांगून टाकी. मुंबईत हा व्यवसाय मुख्यतः गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातील बायकांनी सांभाळला. घेतलेले कपडे निवडायचे, धुवायचे, बटण-टाका करायचा आणि ज्याला नवे परवडत नाही त्याला विकायचे, असा तो सगळा रीतसर व्यापार. यात कुणी कुणावर उपकार करीत नव्हते, हे त्याचे मोठेपण.

परंतु बोहारणीच्याही आधी, आणि तिला द्यायच्या ढिगातूनही वेगळे काढून, काही कापड घरात राहत असे. मऊ पडलेली लुगडी, धोतरे, पंचे. त्याची गोधडी होई. आणि गोधडीचा विषय निघाला की सह्याद्रीच्या पायथ्याकडे वळावेच लागते.

मुंबईहून निघालेली लोकल ज्या ठिकाणी दमून थांबते त्या कर्जतची ओळख बहुतेकांना वड्यापुरती आणि माथेरानच्या वाटेपुरती असते. एक गंमत येथेच सांगून टाकतो. महाराष्ट्रात कर्जत दोन. दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यातले, आणि त्या कर्जतचे ग्रामदैवत कोण, तर संत गोदड महाराज! नाव ऐकल्याबरोबर गोधडी आठवावी असे. आम्ही बोलतो आहोत ते मात्र उल्हास नदीकाठचे, रायगड जिल्ह्यातले कर्जत, आणि त्याच्या शेजारचा पाताळगंगेचा खालापूर तालुका. एका अंगाला सह्याद्रीची भिंत, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरे. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्याही वर. आषाढ-श्रावणात येथे भिंतींना ओल येते, मिठाचे पाणी होते आणि वाळत घातलेले कापड तीन-तीन दिवस वाळण्याचे नाव घेत नाही. मार्गशीर्षात डोंगरावरून उतरणारा गारठा वेगळाच. अशा मुलुखात पांघरूण ही चैनीची वस्तू असूच शकत नाही. शेतीची कामे उरकली की चैत्र-वैशाखाच्या कोरड्या दिवसांत सारवलेल्या अंगणात जुनेर अंथरून बायका गोधडीला बसत, ते पावसाच्या आत ती पुरी व्हावी म्हणून.

आता या गोधडीचा आणि या भूमीचा संबंध किती जुना असावा? कर्जतपासून जवळच, राजमाचीच्या पायथ्याशी, जंगलात कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासची ही लेणी. घाट चढून जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवर भिक्षूंच्या वर्षावासासाठी कातळात खोदलेली. येथे राहणारे भिक्षू अंगावर काय घालीत? चीवर. आणि चीवर म्हणजे अखंड वस्त्र नव्हे, तर तुकडे जोडून शिवलेले. टाकून दिलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, रंगवून त्यांचे वस्त्र करण्याची परवानगी, किंबहुना गौरव, बौद्ध संघात होता. विनयपिटकात अशी कथा आहे, की प्रवासात भगवान बुद्धांनी मगधातील शेते पाहिली. चौकोनी, बांधांनी आखलेली, एकाला एक लागून असलेली. आणि त्यांनी आनंदाला विचारले, की भिक्षूंची चीवरे अशी करता येतील का? आनंदाने तशी ती बेतली. म्हणजे चीवराचा नमुना हा भातशेतीचा नमुना. आज कोंडाण्याच्या वाटेवर चढून मागे वळून पाहावे, तर खाली तीच चौकोनी खाचरे, तेच बांध, हिरव्या-पिवळ्या तुकड्यांना तुकडे जोडल्यासारखे. गोधडी शिवणाऱ्या बाईने विनयपिटक वाचलेले नसते. पण ज्या जमिनीकडे पाहून आनंदाने कापड बेतले तशाच जमिनीकडे ती रोज पाहत असते.

कोंडाण्याच्या लेण्यात आणखी एक गोष्ट आहे. एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी अक्षरांत एक लहानसा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच त्याचा मतलब. दोन हजार वर्षे झाली, राजे गेले, व्यापाऱ्यांचे तांडे गेले, पण बलकाचे नाव राहिले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण शेवटी आम्हाला तिचे काम पडणार आहे.

आपल्या भाषेनेही फाटक्या वस्त्राचा मोठा मान ठेवला आहे. संस्कृतात ती कंथा. भर्तृहरीच्या वैराग्यशतकातील विरक्त पुरुष शंभर ठिकाणी विरलेली कंथा पांघरून राजांपेक्षा निश्चिंत असतो. बंगालात हाच शब्द कांथा होऊन जुन्या साड्यांवरच्या नाजूक भरतकामाचे नाव झाला, आणि त्या भरतकामाचा दोरादेखील जुन्या साडीच्या काठातून ओढून काढीत. आपल्याकडे कोकणात गोधडी, देशावर वाकळ. आणि पासोडी म्हणाल तर अंबेजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१-१६१५) आपले 'पंचीकरण' कागदावर न लिहिता सुमारे चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर लिहिले. जाडेभरडे कापड, पण त्याने ग्रंथाचे काम केले. आणि अगदी अलीकडचे उदाहरण हवे असेल तर गाडगेबाबांचे (१८७६-१९५६) घ्यावे. चिंध्या जोडून केलेला अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, डोक्यावर गाडगे. वेश सगळा टाकाऊ वस्तूंचा. त्या वेशातल्या माणसाने हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली आणि धर्मशाळा उभारल्या. 'टाकाऊतून टिकाऊ' या हल्लीच्या लाडक्या शब्दप्रयोगाचा याहून चांगला अर्थ कुणी दाखविला आहे असे आम्हास वाटत नाही.

ही काही आपलीच मिरासदारी नव्हे. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या रानातल्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांच्या 'कवदी' शिवतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. कवदीच्या चारी कोपऱ्यांवर त्या तिकोनी तुकड्यांची 'फुले' बसवितात, आणि फुले नसतील तर कवदी उघडी-बोडकी दिसते असे मानतात. जपानात शेतकरी आणि कोळी यांचे ठिगळावर ठिगळ लावलेले कपडे 'बोरो' म्हणून आज संग्रहालयांत मांडले जातात. आणि आपल्या देशाला वर्षानुवर्षे कापड विकणाऱ्या इंग्लंडवरही दुसऱ्या महायुद्धात अशी वेळ आली, की १९४१ पासून कपड्यांवर रेशन बसले आणि १९४३ मध्ये, आहे तेच चालवा आणि फाटेल ते शिवा, असे धडे सरकारने पुस्तिका छापून घरोघरच्या मडमांना दिले! आमच्या आज्यांना मात्र त्यासाठी सरकारी पुस्तिकेची गरज पडली नव्हती. कोंड्याचा मांडा करण्याचे शास्त्र त्यांना उपजत होते.

असो. आता थोडे व्यवहाराचे बोलू. गोधडी जुन्याच कापडाची का? तर नव्या कापडात खळ असते, ते अंगाला टोचते. पन्नास-शंभर धुण्यांनी सुताचा ताठा गेलेला असतो आणि ते घाम टिपायला तयार झालेले असते. थरावर थर ठेवले की थरांमध्ये हवा कोंडून राहते, आणि ही कोंडलेली हवाच ऊब धरून ठेवते. जवळजवळ घातलेला धावदोरा थरांना सरकू देत नाही. लोकर नाही, कापूस पिंजलेला नाही, पिसे नाहीत, तरी पांघरूण उबदार होते याचे रहस्य एवढेच. साठीच्या दशकापासून टेरिलीन-नायलॉन घरात शिरले आणि येथे पहिला घोटाळा झाला. या धाग्याला इस्त्री लागत नाही, तो विटत नाही, फाटत तर नाहीच. पण तो घाम पीत नाही आणि मऊही पडत नाही. ज्या साडीला म्हातारपण येत नाही तिची गोधडी होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

मापाचा हिशेब असा. नऊवारी म्हणजे नऊ वार, ३२४ इंच. तिचे चार समान भाग केले की प्रत्येक भाग ८१ इंचांचा, म्हणजे पावणेसात फुटांचा. एका माणसाच्या गोधडीला लांबी भरपूर झाली. पन्ह्यात चार फुटांच्या आसपास रुंदी मिळते. एका नऊवारीचे असे चार थर. दोन थर वरखाली ठेवावेत आणि मध्ये उरलेले दोन, शिवाय धोतराचे, सदऱ्यांच्या पाठीचे, चादरीचे तुकडे. पाचवारीचे दोनच थर निघतात, पण वर जो हातभर तुकडा उरतो त्याची पिशवी होते. कपडे आधी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. बटणे, हुक, जाड शिवणी काढून टाकाव्यात. ती बटणे बटणांच्या डब्यात जातील, हे सांगायला नकोच. सुती आणि कृत्रिम धाग्याचे कापड एकत्र करू नये. एक आटते, दुसरे आटत नाही, आणि पहिल्याच धुण्यात गोधडीला फुगे येतात. थर अंथरताना सुरकुती राहू देऊ नये. मधोमध आडवे-उभे कच्चे टाके घालून सगळे पकडून घ्यावे. मग पातळाच्या काठाची मगजी लावून, काठापासून आत आत, चौकोनात चौकोन असा धावदोरा घालीत मध्यावर यावे. दोघी-तिघींनी वेगवेगळ्या बाजूंनी बसावे. काम लवकर होते आणि गप्पाही होतात, ज्या गोधडीइतक्याच उबदार असतात.

आणि आता जरा पाटी-पेन्सिल घेऊ. सहा फूट लांब, चार फूट रुंद अशी गोधडी. धावदोऱ्याच्या ओळी एकमेकींपासून एक इंचावर धरल्या तर ४८ ओळी, प्रत्येकी सहा फुटांच्या. म्हणजे एकूण २८८ फूट शिवण. इंचात तीन टाके धरले तर टाके झाले दहा हजार तीनशे अडुसष्ट. चार-पाच थरांतून सुई खुपसून मिनिटाला दहा टाके घालणारी बाई चपळच म्हणावी लागेल. तरी सतरा तास झाले. त्यात कापड धुणे, उसवणे, बेतणे, पाठ धरली म्हणून उठून चार पावले चालणे हे धरलेले नाही. तेव्हा एक गोधडी म्हणजे धडधाकट बाईची तीन दिवसांची भरगच्च मजुरी. दाट टाके हवे असतील तर पाच-सहा दिवसांची.

हा हिशेब आम्ही मुद्दाम मांडला. कर्जत-खालापूरकडे हल्ली शहरातल्या मंडळींची शेतघरे पुष्कळ झाली आहेत. शनिवार-रविवार हवा खायला येणारी ही कुटुंबे सुशिक्षित, सुस्वभावी आणि हौशी. अशाच एका बाईंना एका वाडीवरची गोधडी फार आवडली. 'किती छान! किती अस्सल!' असे त्या दहादा म्हणाल्या. पण किंमत ऐकल्यावर त्यांच्या तोंडून जे वाक्य बाहेर पडले ते आम्ही आपल्या कानांनी ऐकले आहे : "अहो मावशी, कापड तर जुनंच आहे ना! मग एवढे कसले पैसे?" मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी गोधडीची घडी घातली आणि ती पुन्हा दांडीवर टाकली.

वाचकहो, या एका वाक्यात सगळा प्रश्न आला. कापड जुने होते हे खरेच. पण दहा हजार टाके जुने नव्हते. ते नवे कोरे होते. दोन दिवसांपूर्वी घातलेले. आपण टाकाऊ वस्तूला हात लावणाऱ्या हातालाही नकळत टाकाऊच्या भावात मोजतो. मोठ्या दुकानात काचेआड टांगलेल्या अशाच गोधडीवरच्या चिठ्ठीशी आपण घासाघीस करीत नाही, कारण तेथे घासाघीस चालत नाही. जेथे चालते तेथे मात्र आपला हिशेबीपणा जागा होतो. बचत गटांच्या बायका दरवर्षी मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात आपल्या हातचा माल घेऊन येतात. तेथे किंवा कोठेही गोधडी घेताना मनात एकदा दहा हजार हा आकडा उच्चारावा, एवढीच आमची विनंती. परवडत नसेल तर घेऊ नये. त्यात कमीपणा नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरेच आहे. पण अंथरूणच स्वस्तात मागू नये.

आता ज्यांना गोधडीचा उरक नाही त्यांच्यासाठी लहान लहान कामे सांगतो. जुन्या पाटलोणीचा पाय मांडीपासून सोळा इंचांवर कापून तळाला दुहेरी टीप मारली आणि कमरपट्टीचे बंद लावले, की भाजीची अशी पिशवी होते, की चार किलो बटाट्यांनीही तिची शिवण उसवत नाही. २०१८ च्या जूनपासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर महाराष्ट्रात बंदीची अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हापासून तर अशी पिशवी खांद्याला असणे हे शहाणपणाचेही लक्षण आहे. जुन्या साड्यांच्या तीन बोटे रुंद पट्ट्या काढून त्यांची वेणी घालावी आणि ती गोल गोल फिरवून टाके घालावेत. दाराशी पायपुसणे तयार. धोतराच्या मऊ तुकड्यांचे दुपटे आणि कुंची. बाळाला पहिल्यांदा घरातल्या वडीलधाऱ्यांचे जुने कापड नेसवायचे, ही चाल नुसती भाबडी नाही. कोवळ्या कातडीला त्याहून मऊ काही मिळत नाही. पैठणीचा जीर्ण पदर असेल तर त्याचा बटवा. आणि दिवाळीच्या कंदिलाला गेल्या वर्षीच्या रेशमी ब्लाऊजपीसचे झिरमिळ्यांचे शेपूट लावून पाहावे. मुले आनंदाने हातभार लावतील.

मात्र येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. टाकाऊतून टिकाऊ करण्याच्या भरात पुष्कळ घरांत टाकाऊतून दुसरे टाकाऊच निर्माण होते. बाटलीला लोकर गुंडाळून केलेली बाहुली, फुटक्या बांगड्यांचा मोर, आइस्क्रीमच्या काड्यांचा बंगला. ही मंडळी शोकेसमध्ये दोन वर्षे धूळ खातात आणि तिसऱ्या दिवाळीला पुन्हा त्याच ढिगात येऊन पडतात. म्हणून करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू रोज वापरली जाईल का? ती धुता येईल का? ती फाटली-मोडली तर पुन्हा दुरुस्त करता येईल का? तिन्हींना होकार आला तरच सुईत दोरा ओवावा. गोधडी या तिन्ही परीक्षांत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते, हे निराळे सांगायला नको. विरली की तिच्यावर आणखी एक थर चढतो. काही गोधड्या अशा आहेत, की त्यांच्या पोटात सासूचे लुगडे, त्याच्याही पोटात आजेसासूचे.

आता उरला तो पहिला प्रश्न : 'कुणाला तरी' देण्याचा. याच खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीत, इर्शाळवाडी नावाची ठाकरांची वस्ती होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात डोंगराचा कडा तिच्यावर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसांचा ठावठिकाणा लागला नाही. २३ जुलैला शोध थांबवावा लागला. वाचलेल्यांच्या अंगावर काय उरले असेल ते वेगळे सांगायला नको. अशा वेळी समाजाचे मन हेलावते आणि आपण सारे काही ना काही पाठवितो. हे चांगलेच आहे. पण काय पाठवितो? २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मदतीच्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. कोळी कुटुंबांच्या उपयोगी न पडणारे, फाटके, विजोड, नको ते. ते निवडून, शिवून कामी लावण्याचे काम दिल्लीच्या 'गूंज' या संस्थेने अंगावर घेतले. अंशु गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली ही संस्था. २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांची पद्धत विचार करण्याजोगी आहे. गावकऱ्यांनी आपल्या गावासाठी विहीर खणावी, रस्ता करावा, आणि त्या श्रमांच्या मोबदल्यात कपडे न्यावेत. भीक नव्हे, कमाई. घालण्याजोगे नसलेल्या सुती कापडाच्या स्वच्छ घड्या करून त्या गरीब बायकांच्या मासिक अडचणीच्या दिवसांसाठी देण्याचे कामही ही संस्था करते. ज्या गोष्टीबद्दल बोलायला आपण लाजतो तिला जुने कापड असे मुकाट्याने उपयोगी पडते.

संकटात सापडलेला माणूस आपला उकिरडा नव्हे. तेव्हा देण्याचा नियम सोपा ठेवावा. जे आपण स्वतः घालून पाहुण्यांसमोर उभे राहू शकू तेच दुसऱ्याला द्यावे. धुऊन, इस्त्री करून, तुटलेले बटण लावून. पाटलोणीची नाडी असेल तर नाडीसकट. जे इतके चांगले नाही ते आपल्याच घरात राहू द्यावे, त्याची पिशवी, पायपुसणे, दुपटे होऊ द्यावे. आणि जे तेवढ्याही कामाचे नाही त्याचे आपल्या दिवाळीत शेवटचे सोने करावे. सुती चिंधीचा पीळ घालून, तेलात बुडवून काकडा करावा. चिंधीने जन्मभर अंग झाकले. जाताना ती उजेड देऊन जाईल.

गोधडीबाबत आणखी एकच सूचना. कोंडाण्याच्या बलकाला आपले नाव कातळावर ठेवता आले. आपल्या आज्या-पणज्यांनी दहा-दहा हजार टाके घातले, एकीलाही आपल्या नावाचे एक अक्षर त्यात गुंफावे असे वाटले नाही, आणि आपणही त्यांना कधी विचारले नाही. यंदा ज्यांच्या घरी जुनी गोधडी आहे त्यांनी ती बाहेर काढावी, उन्हात टाकावी, आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसून विचारावे, की ही कुणी शिवली, यातले हे हिरवे कुणाचे, हे किरमिजी कुणाच्या लग्नातले? उत्तर देणारी माणसे आता थोडी उरली आहेत, तेव्हा पुढच्या दिवाळीवर ढकलू नये. मग कोपऱ्यात उलट्या बाजूला, साध्या धावदोऱ्याने, त्या बाईचे नाव शिवावे. नवी गोधडी विकत आणलीत तर शिवणारीचे नाव विचारून तेही शिवावे. दहा हजार टाक्यांत आणखी पन्नास-साठ टाक्यांची भर. तेवढे आपल्यालाही जमेल.